बगळ्यात तापवलेलं तेल

आत्याची फाइल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं होती. काळ्या चौकटीतली, ओळीनं उभी, शाळेत प्रार्थनेला मुलं उभी राहतात तशी. मग दुसऱ्या पद्धतीनं उघडली, तर प्रश्नचिन्हं गेली आणि इंग्रजी स्वर आले. पण साधे नाहीत. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या डोक्यावर दोन टिंबं, कुणाला खाली शेपूट. आत्या माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"ही कुठली भाषा म्हणायची?"

"मराठीच आहे, आत्या."

"मीच लिहिलंय की गं, मला काय सांगायलीस? फ्रेंच दिसायलंय."

मी तज्ज्ञासारखी मान हलवली. ही मान हलवायची पद्धत मी ऑफिसात शिकले आहे. तिथं माझं कामच हे. ठिकठिकाणांहून माहितीच्या फाइली येतात, काहींत माणसांची नावं फुटलेली असतात, काहींत पत्त्यांच्या जागी चौकटी असतात. मी त्या सांधून आत घेते. काम मला आवडतं, कारण बोलावं लागत नाही. फाइल कधी विचारत नाही की बाई, तू एवढी गप्प का, आणि लग्नाचं काय ठरवलंस. नातेवाइकांत "हिला कंप्युटरचं सगळं येतं" अशी माझी ख्याती आहे. ती मी कधी खोडली नाही. लोक कंप्युटरबद्दल विचारत असतात तेवढा वेळ तरी दुसरं काही विचारत नाहीत.

आत्या हैदराबादेत काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहते. तिची आणि आतोबांची तिथंच छोटी प्रेस होती. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दुकानांची बिलबुकं. तेलुगू आणि इंग्रजी मजकूर आतोबा बघायचे, मराठीला कंप्युटरवर आत्या बसायची. एक पत्रिका संपून दुसरी येईपर्यंतच्या वेळात तिनं आपल्या सगळ्या पाककृती टाइप करून ठेवल्या होत्या. कागदावर कधीच नाही, थेट कंप्युटरवर. आतोबा गेले, प्रेस बंद झाली, कंप्युटर भंगारात गेला. कुणीतरी त्याआधी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, म्हणून ती राहिली.

आता आमच्या मराठी मंडळाला पाककृतींची पुस्तिका काढायची होती. छापायची, आणि मंडळाच्या वेबसाइटवरही ठेवायची. संपादन करणाऱ्या काकू कुकटपल्लीला आमच्याच कॉलनीत राहतात. मूळच्या पुण्याच्या, मुलाच्या नोकरीमुळं इकडं आलेल्या. फार उत्साही, फार प्रेमळ, आणि चुकीचा शब्द कानावर पडला की चालता चालता थांबणाऱ्या. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या दिवाळी अंकात त्यांनी आत्याची जांबाची कोशिंबीर छापली होती. छापली, पण जांबाचा पेरू करून. दस्तीचं "स्वच्छ कापड" झालं, बगुन्याचं "पातेलं" झालं, आणि शेवटी आत्याचं नाव होतं. आत्यानं तो अंक उशाशी ठेवला होता, पुन्हा पुन्हा चिडता यावं म्हणून.

"पेरू म्हणलं तर काय वाईट?" असं माझ्या आईनं एकदा विचारलं होतं.

"पेरू चांगलाच असतो. पण माझ्या ताटात जांब होता," आत्या म्हणाली. तेव्हापासून मंडळाला तिनं एक ओळ दिली नव्हती.

या वेळी काकू स्वतः माझ्याबरोबर काचीगुड्याला आल्या. आत्यानं चहा दिला, वर चकली दिली, आणि अट घातली: एकही शब्द बदलायचा नाही. काकूंनी ती मान्य केली. मग आत्या माझ्याकडं वळली. "आणि तू गं? तू काय काय बदलणार?"

"शब्दाला हात लावणार नाही, आत्या. मी फक्त अक्षरं बदलणार."

हे वाक्य मी बसमध्ये तयार करून नेलं होतं. मला फार आवडलं होतं ते. आत्यालाही आवडलं असावं. तिनं पेनड्राइव्ह माझ्या मुठीत ठेवला आणि मूठ वरून दाबली. एक सांगायला हवं: घरात चार माणसांत माझ्या वतीनं बोलणारी आत्या एकटीच आहे. "तिला बोलायचं तेव्हा बोलंल, तुम्हाला काय घाई?" हे ती माझ्या पाचव्या वर्षापासून लोकांना सांगत आली आहे. म्हणून ही फाइल नीट व्हायलाच हवी होती.

तर ती फाइल. आपल्याला येतात त्या सगळ्या किल्ल्या मी लावून पाहिल्या. प्रत्येक किल्लीला कुलूप वेगळा आवाज करायचं, उघडायचं नाही. शेवटी लक्षात आलं की हे कुलूपच नव्हे. फाइलीत मराठी अक्षरं नव्हतीच कधी. आत्याच्या काळातला फॉन्ट इंग्रजी खुणांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवायचा. कंप्युटरच्या लेखी आत्यानं सगळं आयुष्य टोपीवाल्या स्वरांत काढलं होतं. फॉन्ट गेला, मुखवटे गेले, आणि खाली जे होतं ते उघडं पडलं.

फॉन्टची सीडी आत्याच्या कपाटात सापडली, पण तिच्यावर कुणीतरी काच घासल्यासारखे चरे होते. मग इंटरनेटवर कुणा भल्या माणसानं ठेवलेला एक तक्ता मिळाला. कुठल्या खुणेला कुठलं अक्षर, याचा. तो त्याच फॉन्टच्या भावंडाचा होता, पण बराच जुळला. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, चालवला, आणि पडद्यावर देवनागरी उतरली. पहिली वेलांटी जिथं तिथं एक अक्षर पुढं पळाली होती, रफार भलत्याच डोक्यावर बसला होता, जोडाक्षरांच्या मधे चौकटी होत्या. पण देवनागरी होती. मी खुर्चीतून उठून घरातल्या घरात एक चक्कर मारली.

वेलांट्या आणि रफार मी नियम लिहून जागेवर आणले. चौकटी उरल्या. आणि इथं माझ्यासारख्या मुलीला जे सुचायचं तेच सुचलं.

माझं मराठी वाचन काय लायकीचं आहे ते सांगते. शाळा इंग्रजी माध्यमाची. दुसरी भाषा हिंदी, तिसरी तेलुगू. म्हणजे देवनागरी मला हिंदीनं दिली आणि मराठी मला घरानं दिली, आणि या दोघींची गाठ कुणी घालून दिली नाही. मी मराठी बोलते ती आत्यासारखीच, हौ आणि नक्को घालून. पण वाचायला घेतलं की प्रत्येक ओळ पाटी वाचल्यासारखी वाचते. ळ आला की जरा थांबते. वाचून झालेल्या शब्दाचा आवाज कानापर्यंत जायच्या आधीच मी पुढच्या शब्दाशी झगडत असते. तेव्हा चौकटीच्या जागी कुठलं अक्षर असावं, हे मला कळणार कसं? मी एक मराठी शब्दकोश उतरवून घेतला आणि प्रोग्रामला सांगितलं: जो शब्द यात सापडणार नाही तो फुटलेला समज, आणि सगळ्यात जवळचा शब्द त्याच्या जागी ठेव.

प्रोग्राम आज्ञाधारक होता. सपासप काम झालं. मग मी तपासणी केली. ऑफिसात करतो तशीच, मधूनमधून काही ओळी उचलून. उचलल्या त्या नेमक्या "चवीनुसार मीठ घालावं" छापाच्या. सगळं शुद्ध होतं. मी फाइल काकूंना पाठवली आणि "नो इश्यूज" असं लिहिलं. इंग्रजीत, कारण मराठीत लिहिताना चूक झाली असती.

दोन-तीन दिवसांनी काकूंचा फोन आला. फोन वाजला की मी आधी तो थांबायची वाट बघते. तो थांबला नाही.

"अगं, तुझी आत्या काय लिहिते गं! 'दोस्तीनं झाकण उचलावं'! मी दोनदा वाचलं. आपण मेलं धसमुसळेपणानं उचलतो आणि हात भाजून घेतो. आणि ते 'दोन मौज कुस्करून घ्यावेत'. स्वयंपाकात अशी कविता मी बघितली नाही कुठं."

"हो काकू," मी म्हणाले. मौज म्हणजे आमच्याकडं केळं. हा एकच शब्द शब्दकोशानं ओळखीचा समजून सोडला होता. काकूंना केळी सांगायला तोंड उघडलं, पण त्या इतक्या खूश होत्या की मी ते मिटलं. दोस्तीचं मात्र मलाही नवल वाटलं. आत्या असं लिहीत असेल असं वाटलं नव्हतं. मी मनात म्हटलं, माणूस लिहिताना वेगळा होत असेल.

"आणि हे बघ, मी शब्द दिलाय. एकही शब्द बदललेला नाही हं! एके ठिकाणी तर फार मोह झाला होता. पण म्हटलं, नाही, त्यांच्याकडं म्हणत असतील. फक्त वाचकांसाठी खाली एक टीप दिली आहे."

कुठल्या शब्दाला, ते मी विचारलं नाही. विचारलं की संभाषण वाढतं.

छापायला जायच्या आधीची प्रत घेऊन मी रविवारी काचीगुड्याला गेले. आत्याच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. हिरवट चष्मा लावून ती पलंगावर बसली होती, हातात अंबाडीची जुडी. बारीक अक्षर अजून तिला दिसत नव्हतं.

"तूच वाच," ती म्हणाली.

आत्यासमोर मराठी मोठ्यानं वाचायचं म्हणजे गवयासमोर बेसूर गाण्यासारखं. पण वाचायला घेतलं. बोट ठेवून.

"च-तु-राची डाळ."

आत्याचा हात अंबाडीवर थांबला. "कशाची?"

"चतुराची. कोवळा चतुर निवडून स्वच्छ धुवावा..."

"चतुर म्हणजे ते उडतंय ते?"

माझं बोट मात्र पुढं गेलं. बोटाला कळत नाही कधी थांबायचं. "बगळ्यात तेल तापवावं. त्यात मोहरी तडतडली की..." बगळ्यावर एक आकडा होता. पानाच्या तळाला काकूंची टीप होती, तीही मी वाचून टाकली. "बगळा: हैदराबादकडील एक प्रकारचे भांडे."

"पुढचं पान," आत्या म्हणाली. आवाज अगदी सपाट.

पुढचं पान खांबाच्या कोशिंबिरीचं होतं. चार पिकलेले खांब घ्यावेत, बिया काढाव्यात.

आत्यानं चष्मा काढला, जो तिनं काढायचा नव्हता. "त्या बाईनं मला माझ्या घरात बसून शब्द दिला. चकली खाऊन दिला! तवा निदान पेरू तरी केला होता. आता खांब? माझी चेष्टा करायलीय. फोन दे इकडं."

तिचे डोळे पाण्यानं भरले होते. औषधाचं असेल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. आतोबा असताना, पत्रिकांच्या मधल्या वेळात, तिनं बसून बसून लिहिलेलं ते होतं, आणि त्याचं तिसऱ्यांदा काहीतरी भलतंच झालं होतं. ती उशीखाली फोन चाचपडत होती. आणि मला त्या पाच-सहा सेकंदांत सोयीचं सगळं सुचलं. कंप्युटरचा प्रॉब्लेम. फॉन्टचा प्रॉब्लेम. हे दोन्ही बोलले असते तर तिनं मानलंही असतं.

"आत्या, काकूंनी नाही केलं," मी म्हणाले. "मी केलं."

"तू?"

मी सांगितलं. चौकटी, शब्दकोश, जवळचा शब्द. चिगुर, म्हणजे चिंचेचा कोवळा पाला, त्यात नव्हता म्हणून चतुर. बगुन्यात नव्हतं म्हणून बगळ्यात. जांबाचा खांब. बोलता बोलता मला दोस्ती दिसली आणि माझीच जीभ अडखळली. "आणि दस्तीची... दोस्ती."

आत्या माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुला दस्ती माहीत नाही?"

"माहीत आहे."

"तुझ्या फ्रॉकला रोज पिन लावून दस्ती कोण पाठवायचं शाळेत? शेंबूड काय दोस्तीला पुसायचीस?"

"माहीत आहे, आत्या. पण लिहिलेली कधी बघितली नव्हती."

हे मी सबब म्हणून बोलले नव्हते. खरंच तसं होतं. जन्मभर वापरलेला शब्द पडद्यावर आला तेव्हा मला तो मोडका वाटला, आणि मी तो दुरुस्त केला. पुण्याच्या काकूंना निदान कुठला शब्द बदलतोय ते माहीत होतं.

आत्यानं अंबाडी पुन्हा उचलली. "बगळ्यात तेल," ती स्वतःशीच म्हणाली. "ते उभं राहिलं असंल का गप? एका पायावर?" आणि तिच्या पोटातून काहीतरी हललं. ती हसायला लागली तेव्हा डोळ्यावर ताण येईल म्हणून मी तिला गप्प करायला गेले, तर ती मलाच ढकलून हसत राहिली. "आणि खांबाच्या बिया काढ म्हणे, काढ की! तू खा आता ती कोशिंबीर."

हसणं संपल्यावर म्हणाली, "आता?"

आता मी लॅपटॉप तिच्या पलंगावर आणला. शब्दकोश काढून टाकला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. चौकटी परत आल्या. मी वाचायची, जसं फुटलं होतं तसं, चौकटीला "अमुक" म्हणून. "अमुक-तीनं झाकण धरून उचलावं," आणि आत्या डोळे मिटून म्हणायची, "दस्तीनं." मी टाइप करायची. सुरुवातीला प्रत्येक शब्द ती सांगत होती. मग कधीतरी मीच मोठ्यानं वाचलेलं माझ्याच कानावर पडायला लागलं, आणि ती सांगायच्या आधी मी म्हणाले, "थांब, हे बगुनं आहे."

"बाई गं," आत्या म्हणाली. "मराठी यायलीय की तुला."

एक काम उरलं होतं. "काकूंना तू सांगतीस का?" मी विचारलं. जन्मभर माझ्या वतीनं बोललेल्या बाईनं मान हलवली. "नक्को. मी फक्त हसंन. तूच कर."

मी फोन लावला. तो उचलला जाऊ नये अशी प्रार्थना केली. पहिल्याच घंटीला उचलला.

"काकू, त्या फाइलीत चुका आहेत. माझ्या. आत्या तसं लिहीत नाही. मी नवीन पाठवते." एका दमात म्हटलं, पाठ केल्यासारखं.

"अगंबाई. म्हणजे दोस्तीनं...?"

"दस्तीनं. रुमालानं."

"अरेरे." त्यांना खरंच वाईट वाटलं. "आणि मौज तरी?"

"ती केळी आहेत, काकू."

"आणि बगळा?" त्यांनी सावधपणे विचारलं.

"तसं काही भांडं नसतं. बगुनं असतं."

"अगं, मी काल आबिड्सला भांड्यांच्या दुकानात मागून आले ना! तो बिचारा मला कॅटलॉग दाखवत बसला. म्हणाला, मॅडम, आजकल बनते नहीं."

आत्यानं उशी तोंडावर धरली होती. मी तिच्याकडं पाठ केली, नाहीतर माझंही अवघड होतं. मग काकू म्हणाल्या, "तुझ्या आत्याला सांग, मी तेव्हा तो पेरू करायला नको होता." मी तसं सांगितलं. आत्या उशीतून म्हणाली, "चकली खायला ये म्हणावं."

पुस्तिका छापून आली. चिगुराची डाळ आहे, जांबाची कोशिंबीर आहे, दस्तीनं झाकण उचललेलं आहे, मौज आहेत. मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली, बोट न ठेवता. म्हणजे जवळजवळ न ठेवता. सगळं बरोबर होतं. फक्त एका पानाच्या तळाला, वर कुठल्याही शब्दावर आकडा नसताना, बारीक अक्षरांत उरलंच होतं: "बगळा: हैदराबादकडील एक प्रकारचे भांडे."

ती टीप काढायची कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती. मी घाबरत घाबरत ते पान आत्याला दाखवलं. आता तिला बारीक अक्षर दिसतं. तिनं ते स्वतः वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "छापलंय म्हणजे असंल बाई."

तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आधी ते पान दाखवते आणि मग माझ्याकडं बोट. परवा मी गेले तेव्हा डाळ उतू जायला आली होती. आत्या बाहेरून ओरडली, "बघायलीस काय? बगळा उतरव!"

मी दस्तीनं धरून उतरवला.